अकादमीच्या यादीत न मावणारे वऱ्हाड

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ज्यांचा ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरव केला, ते तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेच्या निमित्ताने जपानला गेले. अमरावती जिल्ह्यातील यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या या संताचे भजन कोणत्याही संगीत विद्यालयात घडलेले नव्हते. त्याआधी एकोणीस वर्षे, १९३६ मध्ये, अमरावतीच्याच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. आणखी मागे गेले, तर लीळाचरित्र जेथे सिद्ध झाले त्या रिद्धपूरशी नाते सांगणारे महानुभाव पंथीय मराठी पोथ्या घेऊन पंजाबात आणि तेथून थेट काबूलपर्यंत पोहोचलेले दिसतात.

वऱ्हाडच्या मातीतून निघालेले हे तीन प्रवास. महानुभावांच्या काळी किंवा बर्लिनच्या वेळी ‘राष्ट्रीय कला परिषद’ नावाची वस्तू या देशात अस्तित्वातच नव्हती. तुकडोजी महाराज जपानला गेले तेव्हा दिल्लीतील अशा संस्था नुकत्या कोठे जन्मल्या होत्या. आज त्यांना सत्तर वर्षे उलटून गेली आहेत. भव्य वास्तू आहेत, अंदाजपत्रक आहे, निवड समित्या आहेत, पुरस्कार आहेत, परदेशात सांस्कृतिक केंद्रे आहेत. मग या सात दशकांत दिल्लीने वऱ्हाडातून काय उचलले आणि वऱ्हाडाला काय दिले, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या माणसाने विचारला, तर त्याला प्रांतीयतेचे लेबल लावून गप्प बसविता येणार नाही. हा प्रश्न संस्कृतीकडे पाहण्याच्या राष्ट्रीय दृष्टीचा आहे.

परिषदांचा साचा

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० मध्ये, तत्कालीन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. भारताची संस्कृती परदेशी नेणे हे तिचे कार्य. १९५३ च्या जानेवारीत संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी सुरू झाल्या. तिन्ही अकादम्या दिल्लीच्या रवींद्र भवनात नांदू लागल्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्या कलांची काळजी वाहण्यासाठी संस्था उभाराव्यात, यात गैर काहीच नव्हते. संस्थानिकांचा आश्रय संपत आला होता. अनेक थोर गवयांना, नर्तकांना आणि नाट्यकर्मींना या संस्थांनी मान दिला, दस्तऐवजीकरणाचे मोलाचे काम केले. हे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा कोणी करू नये.

दोष आहे तो साच्यात. संगीत, नृत्य, नाटक, साहित्य, चित्र आणि शिल्प, असे कप्पे करून संस्कृतीची वाटणी झाली. हे कप्पे युरोपातील कलाविचारातून आले. तेथे कला ही रंगमंचावर, दालनात किंवा पुस्तकात राहते आणि तिचा प्रेक्षक तिकीट काढून तिच्यापर्यंत जातो. भारतात कला देवळात राहते, शिवारात राहते, आखाड्यात आणि माजघरात राहते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचेच उदाहरण घ्यावे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी लावलेले हे रोपटे बर्लिननंतर १९४९ साली स्वीडनमधील लिंगियाड या जागतिक व्यायाम महोत्सवातही आपल्या देशाची ओळख घेऊन गेले. मल्लखांबावरची ती लय, लेझीमचा तो ताल, त्यामागची मारुतीची उपासना आणि राष्ट्रभक्तीची प्रेरणा यांना कोणत्या कप्प्यात घालायचे? क्रीडा खात्याला त्यात गुण आणि पदके दिसतात, कला अकादमीला तो व्यायाम वाटतो. दोन्ही कार्यालयांच्या मधल्या भिंतीत एक अखंड परंपरा अडकून पडते.

देव वगळून उरते काय?

अकोल्यात श्रावणातील शेवटच्या सोमवारी जे घडते, ते या साच्याची मर्यादा आणखी स्पष्ट करते. शहरातील आणि परिसरातील तरुणांची मंडळे गांधीग्रामला पूर्णेच्या काठी जातात, नदीचे जल भरतात आणि सुमारे सतरा-अठरा किलोमीटरची वाट पायी तुडवून ते ग्रामदैवत राजराजेश्वराला अर्पण करतात. खांद्यावर कावड, पुढे पालखी, सोबत ढोल आणि मुखी महादेवाचा गजर. कावडींची सजावट, ढोलाचे ताल, पालखीची मांडणी, रात्रभर चालणारी सामूहिक शिस्त, यांत शिल्प आहे, संगीत आहे आणि नाट्यही आहे. दुष्काळाच्या सावटात शंकराला घातलेल्या साकड्यातून ही परंपरा सुरू झाली, असे अकोलेकर सांगतात. आठ दशके ती चालू आहे ती समाजाच्या बळावर. कोणत्याही परिषदेने तिचा खर्च उचललेला नाही.

आता कल्पना करावी, की यातील ढोलपथकाला एखाद्या महोत्सवाचे निमंत्रण आले. दिल्लीत किंवा परदेशात त्यांना वीस मिनिटांचा अवकाश मिळेल. वेशभूषा ठरवून दिली जाईल. निवेदक त्यांची ओळख ‘महाराष्ट्राचे रंगतदार लोकवाद्य’ अशी करून देईल. राजराजेश्वर मागे राहील, पूर्णेचे पाणी मागे राहील, नवस मागे राहील. टाळ्या मिळतील, पण ज्यासाठी ते ढोल वाजतात ते कारणच त्या मंचावर नसेल.

भुलाबाईचेही तेच. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडातील मुली घरोघर भुलाबाई-भुलोजी मांडतात, फेर धरून गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. पार्वती येथे सासुरवाशीण होऊन येते आणि तिच्या निमित्ताने घरातल्या लेकींचे सुखदुःख गाण्यात उतरते. डहाक्याच्या तालावर रात्र जागविणारी मंडळी, पहाटेचा वासुदेव, गोंधळाची संबळ, दंडारीचा खेळ, भारुडातून अध्यात्म सांगणारा सोंगाड्या, या साऱ्यांचा जीव श्रद्धेत आहे. मेळघाटातील कोरकू बांधव गादुली सुसून नाचतात किंवा आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारतात, तेव्हा त्यांच्याही मनात प्रदर्शनाचा विचार नसतो. पितरांचे ऋण आणि निसर्गातील देवत्व यांची जाणीव वनवासी आणि ग्रामवासी हिंदूंना एकाच धाग्यात ओवते.

स्वातंत्र्योत्तर काळात दिल्लीच्या सांस्कृतिक वर्तुळावर ज्या विचारांचा पगडा राहिला, त्यांना नेमका हा धागाच नकोसा होता. लोककला हवी, पण लोकांचा देव नको. मूर्तीचे शिल्प म्हणून कौतुक, पण पूजेकडे पाठ. भजनाची चाल टिपून घ्यायची आणि भक्तीला मागासलेपण म्हणायचे. सेक्युलॅरिझमच्या नावाखाली संस्कृतीतून धर्म गाळून घेण्याचा हा उद्योग म्हणजे दुधातून स्निग्धता काढून घेऊन मग ते पातळ झाले अशी तक्रार करण्यासारखे आहे.

गंमत अशी, की ज्या जागतिक व्यासपीठांचे या वर्तुळाला मोठे अप्रूप, त्यांनी ही भूमिका केव्हाच सोडली. युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा करार २००३ मध्ये केला आणि भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. त्या यादीत २०१७ मध्ये कुंभमेळा, २०२१ मध्ये कोलकात्याची दुर्गापूजा, २०२३ मध्ये गुजरातचा गरबा आणि २०२५ मध्ये दीपावली यांचा समावेश झाला. श्रद्धा, समाज आणि कला यांची फारकत करता येत नाही, हे पॅरिसमधील कचेरीला उमगले. मग पंढरीची वारी त्या यादीत का नाही, मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात लाखो लोक एका क्षणी स्तब्ध होऊन जी मौन श्रद्धांजली वाहतात तिचा अभ्यास राष्ट्रीय संस्थांनी का करू नये, हे विचारण्याची वेळ आली आहे.

खळे गेले आणि दाता हरपला

लोककलेच्या ऱ्हासाची चर्चा झाली की दूरदर्शन वाहिन्या, चित्रपट आणि मोबाइल यांच्या नावाने बोटे मोडली जातात. ते अर्धसत्य आहे. वऱ्हाडात यापेक्षा खोल जाणारे एक कारण शेतीत दडले आहे. वासुदेव, गोंधळी, भराडी, नाथजोगी यांचा चरितार्थ शेतकऱ्याच्या खळ्यावर चालत असे. ज्वारीची रास झाली, की देवाच्या नावाने त्यांचे माप पडे. ते भीक नसे, समाजाने मान्य केलेला वाटा असे. त्या बदल्यात गावाला पहाटेचा नामघोष मिळे, कुळाला गोंधळ मिळे आणि पोरांना पुराण कळे.

गेल्या काही दशकांत वऱ्हाडातील ज्वारीचे क्षेत्र आक्रसले आणि सोयाबीन व कपाशी यांनी शिवार व्यापले. सोयाबीन यंत्रातून निघून थेट बाजार समितीत जाते, कापूस जिनिंगमध्ये. घरात येते ती रक्कम, आणि तीही बी-बियाणे, औषधे व कर्जाच्या हप्त्यांत आटून जाते. खळेच उरले नाही, तर माप कोठून पडणार? ज्या प्रदेशात शेतकऱ्यावरच गळफासाची पाळी आली, तेथे त्याच्या दाराशी येणाऱ्या वासुदेवाला कोण विचारणार? अशा स्थितीत वर्षाकाठी एखाद्या महोत्सवातले बोलावणे आणि प्रवासभत्ता हा उपाय ठरू शकत नाही. कलावंताचा यजमान गेला आहे, हे दुखणे ओळखल्याशिवाय अनुदानाची औषधे लागू पडणार नाहीत.

एकेकाळी या प्रदेशातील नाटकालाही यजमान होता आणि तो होता सामान्य प्रेक्षक. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ मध्ये आणि ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये रंगभूमीवर आले. परकीय सत्तेच्या काळात ही नाटके गाजली ती तिकीट काढून बसणाऱ्या माणसाच्या पैशावर. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या या नाटककाराला सरकारी अनुदानाची अपेक्षा नव्हती. समाज जागा असला, की कलेला आश्रय मिळतो.

स्वायत्ततेचा आक्षेप

या विषयावर बोलू लागताच एक आक्षेप ठरलेला असतो. कलासंस्था स्वायत्त असाव्यात, सरकारने आणि विचारपरिवारांनी त्यांत नाक खुपसू नये. तत्त्व म्हणून ते मान्य करायला हरकत नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या कला परिषदेने पैसा सरकारचा पण निवड तज्ज्ञांची, हा दंडक घालून घेतला आणि तोच आदर्श आपल्याकडे सांगितला जातो. परंतु स्वायत्तता म्हणजे मूठभरांची मक्तेदारी नव्हे. अकादम्यांच्या कारभाराचा आढावा घेण्यासाठी न्या. खोसला समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पी. एन. हक्सर समितीचा अहवाल १९९० मध्ये आला. २०१४ मध्ये अभिजित सेनगुप्ता समिती झाली. खोसला आणि हक्सर या दोन्ही समित्या काँग्रेस राजवटीत नेमल्या गेल्या होत्या आणि हक्सर हे तर इंदिरा गांधींचे निकटचे सल्लागार. सारे काही आलबेल असते, तर वारंवार समित्या नेमण्याची गरज का पडावी?

२०१५ मध्ये काही साहित्यिकांनी साहित्य अकादमीचे पुरस्कार परत करण्याची मोहीम चालविली. देशात असहिष्णुता वाढल्याचा त्यांचा दावा होता. मतभेदाचा अधिकार सर्वांना आहे. पण ज्या संस्थेच्या स्वायत्ततेचे गोडवे गायले जात होते, तिचाच पुरस्कार सरकारविरोधी शस्त्र म्हणून वापरला गेला, यातली विसंगती सामान्य वाचकाच्या नजरेतून सुटली नाही. ज्या डहाकेवाल्याला कधी पुरस्कार मिळालाच नाही, त्याला तो परत करण्याची चैनही परवडणारी नव्हती.

परदेशातील भारत महोत्सवांचाही असाच विचार व्हायला हवा. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये, १९८५ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत, १९८७ मध्ये सोव्हिएत संघात असे महोत्सव मोठ्या थाटात झाले. त्यांनी भारतीय कलेकडे जगाचे लक्ष वेधले, हे खरे. पण महोत्सव संपला, की तंबू उतरतो. याउलट, १८३४ पासून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी कोणत्याही महोत्सवाविना गणेशोत्सव टिकविला, झाकरीची गाणी टिकविली आणि आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. परिषदेने परदेशात काय न्यावे, याचा धडा या कुटुंबांकडून घ्यावा. संस्कृती तेथेच रुजते, जेथे ती जगणारी घरे असतात.

आपल्या सरकारलाही प्रश्न

राष्ट्रीय विचारांचे सरकार केंद्रात २०१४ पासून आहे. परिस्थिती बदलू लागली आहे, याच्या खुणा दिसतात. सांस्कृतिक संबंध परिषदेच्या अध्यक्षपदी २०१८ मध्ये डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्यासारखा महाराष्ट्राच्या मातीतला विचारवंत कार्यकर्ता आला. संगीत नाटक अकादमीने पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर उपेक्षित राहिलेल्या ८४ कलावंतांना अमृत पुरस्कार दिले. २०२३ मध्ये तत्कालीन उपराष्ट्रपतींच्या हस्ते तो सोहळा झाला. एकाच वेळी इतक्या ज्येष्ठांचा सन्मान करावा लागला, ही आधीच्या दशकांतील उपेक्षेची कबुलीच होती. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचे मानधन वाढवून सर्वांसाठी दरमहा ५ हजार रुपये केले.

हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही समाधानाने हात झटकण्याजोगे नाही. नागपूरला १९८६ पासून दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. वऱ्हाडाला ते दिल्लीपेक्षा कितीतरी जवळचे. पण मेळे आणि महोत्सव यांच्या पलीकडे जाऊन, अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत आज कोण डहाका वाजवतो, भुलाबाईची किती गाणी जुन्याजाणत्या बायकांच्या मुखी शिल्लक आहेत, याची गावनिहाय नोंद व्हायला हवी. अर्ज, प्रमाणपत्र, छायाचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि ध्वनिचित्रफीत मागणारी पद्धत ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा गोंधळ्यापर्यंत कशी पोहोचणार? खुर्चीवरील माणसे बदलली, पण फायलीची वाट तीच राहिली, तर सत्ताबदलाचा अर्थ काय उरतो? हा प्रश्न विरोधकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा स्वकीयांनीच विचारलेला बरा.

जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा कायदा केला. त्यानुसार परंपरागत कला अंगी बाणलेल्या गुरूंना मान्यता मिळते आणि आपली विद्या पुढच्या पिढीला देण्यासाठी त्यांना दरवर्षी २० लाख येन दिले जातात. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून ओळखतात. तेथे पैसा प्रयोगाला मिळत नाही, शिष्य घडविण्यासाठी मिळतो. आपल्या गुरुकुलाचेच हे तत्त्व एका आशियाई देशाने आधुनिक कायद्यात बसविले. आपल्याकडे गुरु-शिष्य परंपरेच्या योजना आहेत, पण त्या तालुक्यापर्यंत उतरायला हव्यात. गुरूने शहरात येण्याऐवजी शिष्याने गुरूच्या गावी जावे, अशी रचना हवी. खंजिरीचे शिक्षण गुरुकुंजाच्या छायेत, मल्लखांबाचे आखाड्यात, कोरकू नृत्याचे धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांत व्हावे. निवडीचा अधिकार त्या परंपरेतील जाणत्यांकडे असावा आणि हिशेब सर्वांना पाहता यावा.

समाजाचा वाटा

शासन काय करील, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा भाग हिंदू समाजाचा आहे, विशेषतः शहरात स्थिरावलेल्या, नोकरी-व्यवसायात सुखवस्तू झालेल्या वऱ्हाडी मध्यमवर्गाचा. ज्या घरांतून भुलाबाईची गाणी निघाली, त्याच घरांतील मुली आज वाढदिवसाच्या परक्या सुरावर नाचतात. वास्तुशांतीला सजावटीवर हजारो रुपये उधळले जातात, पण कुळाचा गोंधळ ‘आता कोण घालतो’ म्हणून टाळला जातो. मुलाच्या गिटारच्या शिकवणीला महिन्याचे शुल्क आनंदाने भरले जाते आणि दारात आलेल्या वासुदेवाला सुट्या पैशांचा अभाव सांगितला जातो. दिल्लीच्या अकादमीला दोष देणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आधी आपल्या अंगणाकडे पाहावे.

खळे गेले, तर नवे खळे समाजाने निर्माण केले पाहिजे. प्रत्येक नगरातील गणेशोत्सव आणि नवरात्रोत्सव मंडळांनी आपल्या वर्गणीतील ठरावीक वाटा परिसरातील परंपरागत कलावंतांसाठी राखून ठेवावा. ध्वनिक्षेपकाच्या भिंतींवर होणारा खर्च थोडा कमी केला, तरी एका गोंधळ्याचे घर वर्षभर चालू शकेल. कुटुंबांनी मंगलकार्यात गोंधळ, भारूड, भजन यांना मानाने बोलवावे आणि मानधन देताना हात आखडता घेऊ नये. महाविद्यालयीन कार्यकर्त्यांनी आजीच्या, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या मुखातील गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. त्यासाठी कोणत्याही समितीच्या मंजुरीची गरज नाही, खिशातला मोबाइल पुरेसा आहे. वऱ्हाडातून पुण्या-मुंबईला, अमेरिकेला गेलेल्या मुलांनी आपल्या मंडळांत वऱ्हाडी बोलीला लाजू नये. डॉ. विठ्ठल वाघ यांच्यासारख्या कवींनी या बोलीला काव्याची प्रतिष्ठा मिळवून दिली, ती टिकविणे पुढच्यांच्या हाती आहे.

तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज उभारले आणि गाव हेच आपले कार्यक्षेत्र मानले. विश्व हिंदू परिषदेच्या १९६४ मधील स्थापनेच्या वेळीही ते अग्रभागी होते. त्यांच्या दृष्टीने भजन, ग्रामसफाई, व्यायाम आणि देशसेवा ही एकाच साधनेची अंगे होती. कला वेगळी, धर्म वेगळा आणि राष्ट्र वेगळे, असे कप्पे त्यांच्या मनात कधी पडले नाहीत. राष्ट्रीय परिषदांनी हा एकात्म विचार स्वीकारला, तर त्यांच्या याद्यांना प्राण लाभेल. त्यांनी तो स्वीकारेपर्यंत वऱ्हाडाने थांबण्याचे कारण नाही. येत्या श्रावणात पूर्णेकडे निघणाऱ्या कावडींमागे चालावे, भाद्रपदात घरी भुलाबाई मांडावी आणि दारी आलेल्या वासुदेवाला ओंजळभर धान्य घालावे. कामाला एवढ्यानेच सुरुवात होईल.